मोजणाऱ्याला हाक मारू नये

सुनेच्या अभ्यासाला आपला मोठा हातभार लागतो, असं म्हातारीचं ठाम मत होतं. घरात हे मत तिचं एकटीचंच होतं. पण ठाम मताला दुसऱ्याची सही लागते कुठे?

तिचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीही धड नाही. परीक्षेच्या आठवड्यात धाकट्या भावाला गोवर निघाला, त्याला सांभाळायला ही घरी राहिली, ती राहिलीच. "मी चौथी नापास नाही हं, चौथी गैरहजर," असं ती कुणी न विचारताच सांगायची. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, नवरा लवकर गेला, आणि मग एकतीस वर्षं मोटरी भरायच्या कारखान्यात नोकरी. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवायची, हे तिचं काम. एका गुंडाळीत कधी साठ वेढे, कधी एकशेवीस. वीज तारेतून कशी पळते हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण कुठे पळायला हवी आणि कुठे नको, हे तिच्या बोटांना कळायचं, आणि पगार बोटांचाच होता.

सून मात्र खरी शिकलेली. पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होती. डिप्लोमा होता, डिग्री नव्हती, आणि डिग्रीशिवाय तिच्या खात्यात वरची खुर्ची मिळत नव्हती. म्हणून तिने संध्याकाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नाव घातलं. आठवड्यातून चार दिवस, कारखान्यातून सुटली की थेट वर्गात, साडेसहा ते साडेनऊ. घरी येईपर्यंत तिचे डोळे अर्धे मिटलेले. मग पुस्तक उघडलं तरी पुस्तकच तिच्याकडे बघत बसायचं. तेव्हा तिने अभ्यासाची वेळ ठरवली ती पहाटे पाच ते साडेसहा. दिवसभरात तिच्या मालकीचा तेवढाच दीड तास होता. बाकीचे तास कारखान्याचे, कॉलेजचे, नवऱ्याचे आणि लेकीचे.

सहा वर्षं असं चाललं. एकेक विषय सुटत गेला, फक्त एक सुटेना: विजेची यंत्रं. एकदा लेखीत गेली, एकदा तोंडी परीक्षेत. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी ती घरी आली, चपला काढल्या आणि तशीच उभी राहिली.

"आई, आता एकच खेप उरली," ती म्हणाली. "सातव्या वर्षाआधी मागचे सगळे विषय सुटले नाहीत तर शेवटच्या सत्राला घेत नाहीत, नाव काढून टाकतात. सहा वर्षं पाण्यात."

"असं कसं काढतात? नाव काय त्यांनी ठेवलंय?" म्हातारी म्हणाली. त्याच क्षणी तिने मनाशी ठरवलं की आता हे काम आपण हातात घ्यायचं. सुनेच्या नशिबात तेवढंच बाकी राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला म्हातारी सुनेच्या समोरच्या खुर्चीत हजर.

"आई, तुम्ही कशाला उठलात?"

"तुला सोबत. तू वाच. मी काही बोलत नाही." दोन मिनिटं शांतता. "चहा ठेवू?"

"ठेवा."

"साखर कमी घालू?"

"घाला. म्हणजे, कमीच घाला."

"कमी म्हणजे किती? परवा कमी घातली तर तू तोंड वाकडं केलंस."

सुनेने पुस्तकात बोट ठेवून मान वर केली. "एक चमचा."

"बरं बाई. तू वाच, मी काही बोलत नाही."

चहा झाला. मग खिडकी उघडू का, वारा लागतोय का, खिडकी लावू का. मग काल भाजीवाल्याने कशी नजर चुकवून सडका टोमॅटो टाकला. मग "हे चित्र कशाचं गं? कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय." सहा वाजता नात उठायची. नऊ वर्षांची, घरभर गरगरत असायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती उठली की म्हातारी तिच्यावर ओरडायची, "आईचा अभ्यास चाललाय, आवाज करू नकोस!" आणि ते ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

असे तीन आठवडे गेले. परीक्षेला सव्वा महिना उरला. म्हातारी स्वतःवर खूश होती. गुडघे दुखत असताना पहाटे पाचला उठणं म्हणजे खायचं काम नव्हे.

एका रविवारी टेबल पुसताना तिला पुस्तकाखाली घडी घातलेले कागद सापडले. आडव्या-उभ्या रेघा मारलेले, कारखान्याचे छापील कागद. वर बारीक इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, ते तिने सोडून दिलं. खाली सुनेचं अक्षर होतं, आपल्या भाषेतलं, वळणदार. म्हातारीने चष्मा चढवला आणि अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागली. पाच दहा, चार मिनिटं, आई. पाच अठरा, तीन मिनिटं, आई. पाच सव्वीस, सहा मिनिटं, आई. पाच चाळीस, दोन मिनिटं, आई. सहा वाजता, पाच मिनिटं, भिंगरी. सहा पाच, आठ मिनिटं, आई भिंगरीला ओरडल्या. मधेमधे अशा आणखी कितीतरी ओळी.

म्हातारीचा ऊर भरून आला. पोरीने आपल्या कष्टांची नोंद ठेवली होती! तीन आठवड्यांची पानं, आणि पानोपानी "आई". तिने लगेच मुलाला हाक मारली. मुलगा बसच्या डेपोत मेकॅनिक. रविवारचा आडवा पडला होता, तो उठून आला.

"बघ. सुनेने लिहून ठेवलंय, कुणी किती वेळ दिला. माझं नाव बघ किती वेळा आहे. आणि तुझं? तीन आठवड्यांत एकदा!"

मुलाने कागद घेतला, वरची इंग्रजी ओळ वाचली, आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं.

"काय रे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? भिंगरी, इकडे ये. वरती काय लिहिलंय?"

भिंगरीने एका दमात वाचून मराठीत सांगितलं. "मशीन थांबल्याची नोंद. वेळ, मिनिटं, कारण." मग आजीला समजलं नसेल म्हणून मोठ्यांदा फोड करून सांगितलं, "आईच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की लिहितात ना, कुणामुळे बंद पडलं, ते आहे. आजी, सगळ्यात जास्त वेळा तू आहेस! पहिला नंबर!"

"गप गं," मुलगा म्हणाला, पण त्याच्या मिशीला हसू लपवणं जमत नव्हतं.

खाली बेरीज होती. नव्वद मिनिटांपैकी अभ्यास झालेली मिनिटं एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी अडतीस. त्यातही मध्येच तुटलेली, दोन दोन, चार चार मिनिटांची.

तेवढ्यात सून बाजारातून आली. टेबलावरचे कागद बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, मी ते तुम्हाला दाखवायला नव्हतं हो लिहिलं. कारखान्यातली सवय. वेळ जातो कुठे ते शोधत होते."

"सापडला ना?" म्हातारी म्हणाली. "समोरच्या खुर्चीत बसला होता. चहा पीत."

त्या दिवशी ती कुणाशी फार बोलली नाही. घरात एवढी शांतता पसरली की मुलाने दोनदा येऊन विचारलं, "आई, बरं आहे ना तुला?" म्हातारी आतून स्वतःला कुटत होती. कारण ज्या गोष्टीसाठी तिने एकतीस वर्षं माणसांवर डोळे वटारले, तीच गोष्ट तिने सुनेच्या बाबतीत रोज केली होती.

मोटरीच्या कारखान्यात एक रीत होती. वेढे मोजणाऱ्याला हाक मारायची नाही. एकशेवीस वेढ्यांच्या गुंडाळीत पंचाण्णवाला कुणी "अगं ऐक" म्हटलं, की आकडा गेला. आकडा गेला की सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून. म्हणून ज्याला काही सांगायचं असेल त्याने टेबलापाशी यायचं, कोपऱ्यावर पंजा ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. मोजणाऱ्याचा हात थांबला की मग बोलायचं. मालकसुद्धा असाच उभा राहायचा. एकदा मागच्या खोलीत चिंध्यांनी पेट घेतला, तेव्हा सांगायला आलेली पोरगी टेबलावर पंजा ठेवून उभी राहिली. म्हातारीचे एकशेवीस पुरे झाल्यावर म्हणाली, "मावशी, आग लागलीय." आग विझवली, आणि गुंडाळीही बरोबर निघाली. ही गोष्ट म्हातारी कौतुकाने शंभर वेळा सांगत आली होती. त्यातल्या किमान दहा वेळा सून अभ्यास करत असताना!

संध्याकाळी तिने घरातल्या सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं.

"उद्यापासून पाच ते साडेसहा ही बाई वेढे मोजतेय असं समजायचं. कुणाला काही पाहिजे असेल तर इथे पंजा ठेवायचा आणि तोंड बंद. ती वर बघेल तेव्हा बोलायचं."

"आणि तू?" मुलाने विचारलं.

"मी काय, माझी आयुष्यभराची सवय आहे."

सवय कसली कपाळाची. पहिल्याच दिवशी तिने पाच मिनिटांत सात वेळा पंजा ठेवला आणि सात वेळा उचलला, कारण सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूध तापायला ठेवलं आणि ते वर येताना दिसलं. गॅसपाशी जावं की टेबलापाशी, या गोंधळात ती टेबलापाशी गेली आणि पंजा ठेवून उभी राहिली. सून गणितात बुडालेली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"काय आई?"

"दूध उतू गेलं."

"कधी?"

"मघाशी."

"अहो, मग बंद करायचं ना गॅस!"

"ते सुचलं नाही. रीत पाळत होते."

पण आठवड्याभरात घर सुतासारखं सरळ झालं. भिंगरी पंजा ठेवायची, तो तिला खेळ वाटायचा. एक्केचाळीसची साठ मिनिटं झाली, साठाची ऐंशी. म्हातारीही खुर्चीत बसून शेंगा सोलायची आणि ओठ असे आवळून धरायची की दुपारी जबडा दुखायचा.

बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस बघायला लागतो. एके पहाटे सुनेने कॉलेजची प्रयोगांची वही उघडून बाजूला ठेवली होती. इंग्रजी मजकूर म्हातारीला वाचता यायचा नाही, पण इंग्रजी आकडे यायचे. एकतीस वर्षं तिने मोटरींवरच्या पाट्या वाचल्या होत्या. वहीत मोटरीचं चित्र होतं, त्याखाली आकड्यांचा तक्ता. वेगाची रांग तिने ओळखली, मिनिटाला किती फेरे. मोकळी फिरणारी मोटर, १४९५. थोडं ओझं, १४८०. आणखी ओझं, १४६०. आणि शेवटी पूर्ण ओझं, १५४०.

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ओझं वाढलं आणि मोटर जोरात पळायला लागली? चार पोलची मोटर, जी मोकळीसुद्धा पंधराशेला टेकत नाही, ती पंधराशेच्या वर? डोक्यावर पोतं दिल्यावर हमाल धावत सुटावा, तसं झालं हे.

तिने पंजा ठेवला. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. सून त्या दिवशी अशी काही रंगली होती की वर बघेचना. म्हातारी उभी. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. गुडघा ठणकायला लागला, जिभेवर ते १५४० उड्या मारायला लागलं. सहा वाजून दहा मिनिटांनी सुनेने पान उलटायला मान वर केली.

"ही मोटर नाही," म्हातारी भडाभडा बोलली, "ही मोटर नाही, भूत आहे! ओझं दिल्यावर पळतेय!"

सुनेने वही बघितली आणि हसली. "आई, हे कॉलेजातून आलेले आकडे आहेत. सरांची सही आहे खाली."

"सरांनी सही केली म्हणून मोटर पळेल का?"

सून पुन्हा हसणार होती, पण हसू अर्ध्यावर राहिलं. तिने पेन्सिल घेतली, कडेला काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग ती पेन्सिल खाली ठेवून तक्त्याकडे बघत राहिली.

"चौदाशे चाळीस असणार," ती हळूच म्हणाली. "कुणाचा तरी चार पाचासारखा दिसला. आणि मी, तपासणी खात्यातली बाई, हे जसंच्या तसं उतरवून घेतलं."

"उतरवून? तू मोटर चालवून बघितली नाहीस?"

मग सगळं बाहेर आलं. मोटरीची प्रयोगशाळा सहाला बंद होते. किल्ली सहायकाकडे, आणि सहायक सहाला घरी. संध्याकाळचा वर्ग भरतो साडेसहाला. म्हणून संध्याकाळच्या मुलांना आकडे "दिले जातात". आधीच्या वर्गाची वही घ्यायची, उतरवायची, सही घ्यायची. अशा किती वर्गांनी ती भुताची मोटर पळवत आणली होती, देव जाणे. सर वाईट नव्हते. दिवसभर दिवसाच्या मुलांना शिकवून संध्याकाळी यायचे, तेव्हा त्यांचाच आवाज बसलेला असायचा. दोन तासांचं पाऊण तासात सांगायचे आणि म्हणायचे, "पुढचं पुस्तकात आहे, वाचून घ्या." कधी वाचायचं ते पुस्तकात नव्हतं.

सुनेने त्या संध्याकाळी सरांना विचारलं. ते थकल्या आवाजात म्हणाले, "बाई, संध्याकाळच्या लोकांना डिग्री हवी असते, मोटर कुणाला हवीय?"

"मला हवीय," सून घरी येऊन म्हणाली. "गेल्या वेळी तोंडी परीक्षेत मी का गेले ते आज कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, ओझं वाढलं की वेगाचं काय होतं? मी वही आठवून सांगितलं, वाढतो."

मग म्हातारी म्हणाली, "शनिवारी दुपारी माझ्याबरोबर चल."

जुन्या कारखान्यात ती आठ वर्षांनी पाऊल ठेवत होती. धाकटा मालक आता टकला झाला होता. "मावशी!" म्हणून उठून उभा राहिला. काय पाहिजे ते ऐकलं आणि म्हणाला, "मोटरीवर ओझं घालायला पट्टा आहे, वजनाचे काटे आहेत, मीटर आहेत. दुपारी दोनपासून पाचपर्यंत कोपरा तुमचा. फक्त कुणी जळू नका."

सुनेबरोबर तिच्या वर्गातले दोघं आले होते. रुग्णालयातला एक वायरमन आणि लिफ्ट दुरुस्त करणारी एक तरुणी. तिघांना समोर उभं केल्यावर म्हातारीच्या अंगात प्राध्यापक संचारला.

"करंट म्हणजे काय," तिने सुरुवात केली, "तर समजा एक गल्ली आहे, आणि तिच्यात गर्दी..."

"मावशी, ते आम्हाला येतं," वायरमन नम्रपणे म्हणाला. "आम्हाला वायर कुठे लावायची ते सांगा."

प्राध्यापक आला तसा गेला. वायर कुठे लावायची, ते मात्र तिने सांगितलं. वायरीचं एक तोंड ढिलं राहिलं, आणि बटण दाबल्यावर मोटर नुसती घूं करून घुमायला लागली, फिरेना. तिघंही वाकून बघायला लागले.

"बंद!" म्हातारी किंचाळली. सगळा कारखाना थांबला. "घुमते आणि फिरत नाही, म्हणजे तीनपैकी एक तार मेली. आधी बंद करायचं, मग विचार करायचा. तुम्ही विचार करत बसाल तोवर तार जळेल, आणि ती भरायला आता मी नाही."

तोंड आवळलं, मोटर फिरली. पट्टा ताणत गेले, तसतसा वेग उतरत गेला. १४९४, १४८१, १४६६, १४५२, शेवटी १४३८. एक मोजणी पुन्हा केली तर १४६६च्या जागी १४६९ आला. सुनेने दोन्ही लिहिले. तिचा चेहरा असा उजळला होता की लिफ्टवालीने तिला कोपर मारून विचारलं, "लॉटरी लागली का?"

म्हातारीने मात्र वहीत डोकावून नाक मुरडलं. "हे काय वेडंवाकडं? एक काय ते ठरवून लिहा. दिसायला नीट दिसलं पाहिजे."

सूनबाईने तिच्याकडे बघितलं. दोन्ही आकडे तसेच ठेवले.

त्यापुढचे दोन शनिवारही तिथेच गेले. परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हातारीने बघितलं, तर सुनेने सही झालेल्या वहीतला तो जुना तक्ता एका सरळ रेघेने खोडला होता, आणि शेजारी स्वतःचे आकडे चिकटवले होते.

"हे गं काय? सही झालेली वही! परीक्षक विचारतील ना. शेवटची खेप आहे. राहू दे ते पंधराशे चाळीस, कोण बघतंय?"

"तुम्ही बघितलंत की."

"माझं काय घेऊन बसलीस? मी चौथी गैरहजर!"

"आई, तुम्हीच म्हणालात ना, भूत आहे? आता भुताला घेऊन परीक्षेला जाऊ?"

भुताला बाहेर काढणारी तीच, आणि आता त्याला परत कपाटात कोंडायला निघालेलीही तीच. रात्रभर तिने देवाची इतकी विनवणी केली की देवालाही पंजा ठेवायला जागा मिळाली नसेल.

प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा शनिवारी दुपारी होती. घरी बसवेना म्हणून ती भिंगरीला घेऊन कॉलेजात गेली आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसली. सहायकाला सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं, तो किल्ल्यांचा जुडगा आपटत फिरत होता. परीक्षक एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. दार उघडंच होतं. आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

सुनेचा नंबर आला. वायरी जोडल्याचे खुटखुट आवाज. मग बटणाचा आवाज, आणि मग... घूं.

म्हातारी ताडकन उठली. तोंड उघडलं, "बं" एवढं ओठांवर आलं, आणि भिंगरीने तिच्या तोंडावर हात ठेवला. एक. दोन. खट! आवाज थांबला.

"मॅडम, एक फेज येत नाहीये," आतून सुनेचा आवाज आला. शांत. "जोडणी मी तपासते, पण वायरी बरोबर आहेत. बहुतेक मोटर आतूनच गेलीय."

तपासलं. मोटर आतूनच गेलेली होती.

"ही शेवटची कधी फिरली?" परीक्षक बाईंनी विचारलं. सहायकाचं उत्तर ऐकू आलं नाही. "मग या सगळ्या वह्यांमध्ये हिचे आकडे कुठून आले? आणि सगळ्यांकडे पंधराशे चाळीस कसं?" सरांचंही उत्तर ऐकू आलं नाही. पानं उलटल्याचा आवाज. "तुमच्या वहीत वेगळे आहेत. कुठे घेतले?"

"सासूबाईंच्या कारखान्यात."

"इथे एकाच ओझ्याला दोन आकडे आहेत. असं का?"

"मॅडम, मोजलेले आहेत, म्हणून."

बाकावर म्हातारीचे कान लाल झाले. ते नीटनेटके करून घे म्हणणारी शहाणी बाहेर बसली आहे, हे आत कुणाला माहीत नव्हतं, तेवढंच बरं.

मग परीक्षक बाईंनी बंद मोटरीवर अर्धा तास प्रश्न विचारले. सून बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती, पण मान ताठ होती. पंधरा दिवसांनी लेखी परीक्षा झाली, आणि महिन्याने निकाल लागला. प्रात्यक्षिकात पन्नासपैकी अडतीस. लेखीत शंभरपैकी त्रेचाळीस, पास व्हायला चाळीस लागत होते. नाव राहिलं, आता शेवटचं सत्र तेवढं उरलं.

म्हातारीने तीनही मजल्यांवर जाऊन सांगितलं, "सूनबाईला साठ पडले." तिच्या मागोमाग भिंगरी जात होती आणि प्रत्येक दारात दुरुस्ती करत होती, "त्रेचाळीस."

"दोन्ही मिळून साठाच्या वरच होतात," म्हातारी म्हणाली. "मला चौथीपर्यंत बेरीज शिकवलीय."

परीक्षक बाईंनी वर काय लिहून पाठवलं कुणास ठाऊक, पण पुढच्या सत्रापासून मोटर दुरुस्त झाली आणि मंगळवार-गुरुवार प्रयोगशाळा दहापर्यंत उघडी राहायला लागली. सून आधी त्या दोन दिवशी वर्ग आटोपून दहाला यायची आणि तशीच स्वयंपाकाला उभी राहायची. आता प्रयोगातून पाय निघता निघेना, साडेदहा वाजायला लागले. तेव्हा मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक म्हातारीकडे आला. पहिल्या मंगळवारी भात लागला, गुरुवारी भाजीत मीठ दोनदा पडलं. मुलगा म्हणाला, "आई, तुझं जुनंच बरं होतं. तू नुसती बोलायचीस."

"माझ्याच कर्माची फळं," म्हातारी म्हणाली आणि करपलेला भात स्वतःच्या ताटात ओढून घेतला.

एका दुपारी ती गुडघ्याच्या डॉक्टरांकडे रांगेत बसली होती. शेजारी तिच्याच वयाची एक बाई. दोन गुडघे शेजारी बसले की ओळख व्हायला वेळ लागत नाही. ती बाई आपल्या मुलाचं सांगत होती. कॉलेजात आहे, प्रयोगशाळेत, चांगली नोकरी.

"वीस वर्षं सहाच्या ठोक्याला घरी यायचा हो. आता मंगळवार-गुरुवार साडेदहा वाजतात. गरम जेवण नाही, काही नाही. म्हणे कुण्या एका सुनेने वही खोडून ठेवली आणि सगळं उकरून काढलं. आणि तिला फूस कुणाची, तर सासूची! सासूने मुकाट घरी बसायचं सोडून..."

"काय बाई माणसं असतात एकेक," म्हातारी म्हणाली.

"नाहीतर काय! तुमच्याकडे आहे का सून? काय करते?"

"पंपांच्या कारखान्यात असते," म्हातारी म्हणाली, आणि वाकून गुडघा चोळायला लागली.